अभ्यासिका ते होस्टेल, बाराशे पावलं: भीती नेमकी कशाची?

ओसरी | रविवार, रात्री ११:२०

बरेच दिवस लिहायचं होतं. वय २३, स्पर्धा परीक्षेची तयारी, गाव सोलापूर जिल्ह्यात. सध्या राहते त्या शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गल्ली ओळखू येईल.

आमची अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी असते. होस्टेलचं गेट दहाला बंद होतं. म्हणजे मी नऊ चाळीसला पुस्तकं आवरते आणि शेजारच्या टेबलावरची मुलं बारापर्यंत बसतात. रोजचे दोन तास वीस मिनिटं, महिन्याचे सत्तर तास. कट ऑफ अर्ध्या मार्काने हुकतो तेव्हा हे सत्तर तास आठवतात.

रस्ता बाराशे पावलांचा आहे. मोजलेत. पहिली चारशे पावलं झेरॉक्सची दुकानं आणि मेस, तिथे काही वाटत नाही. मग अण्णांची चहाची टपरी. तिच्यापुढे एका शाळेची भिंत सुरू होते, लांबच लांब, एकही दार नाही. भिंतीवर गुलमोहर झुकलेला आहे आणि दिव्याचा खांब बरोबर त्याच्या फांद्यांत. दिवा चालू असतो हं. पण उजेड सगळा झाडाला. पुढे मोकळा प्लॉट, तिथे टेम्पो लावलेले असतात. टेम्पोच्या मागे कोण आहे ते टेम्पो ओलांडल्याशिवाय कळत नाही.

भिंत सुरू झाली की मी एक इअरफोन काढते. किल्ली बोटांत धरते. फोन कानाला लावून मोठ्याने म्हणते, "हो बाबा, पोचलेच. गेटवरच आहे." बाबा तेव्हा गावी झोपलेले असतात.

दोन वर्षांत मला इथे काहीही झालेलं नाही. एकदाही नाही. तरी भीती जात नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट आगारातलं बलात्काराचं प्रकरण झालं तेव्हा घरून एकच धोशा: परत ये. पहाटे पावणेसहाची वेळ, फलटणला निघालेली २६ वर्षांची मुलगी, आगारात उभी असलेली शिवशाही. आरोपीने तिला "ताई" म्हणून हाक मारली होती आणि तुमची बस तिकडे लागलीय असं सांगितलं होतं. त्या बातमीतलं मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते "ताई". आम्ही लहानपणापासून ज्या शब्दावर विश्वास ठेवायला शिकलो तोच. आता अनोळखी माणूस ताई म्हणाला की पोटात गोळा येतो, आणि मग त्या बिचाऱ्याबद्दल अपराधीही वाटतं.

सार्वजनिक सुरक्षेचं धोरण ठरवताना आमच्या वयाच्या लोकांना कुणी विचारतं का? विचारलं तर तुम्ही काय मागाल? दोन विनंत्या: "लवकर घरी जात जा" आणि "मिरचीचा स्प्रे ठेव" हे दोन सल्ले देऊ नयेत. पुरेसे मिळालेत.

---

निवृत्त_अंमलदार | रविवार, रात्री ११:५८

बाळा, चांगला विषय काढलास. तेहतीस वर्षं खात्यात काढली, त्यातून सांगतो.

भिऊन चालताना खोटा फोन करण्यापेक्षा ११२ लक्षात ठेव. कुणी रोज मागे येत असेल तर तो "प्रकार" नाही, गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पाठलाग. पहिल्यांदा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि तेव्हा तो अजामीनपात्र. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. हद्द कुणाचीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन दिलीस तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. "आमच्या हद्दीत येत नाही" असं कुणी म्हणालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चं नाव घे. आवाज लगेच खाली येतो, स्वानुभव आहे (दोन्ही बाजूंचा).

आता अप्रिय बोलतो. अशा गल्ल्यांत टपऱ्या असतात तिथे रिकामटेकडी पोरं जमतात. टपऱ्या उठवा, टोळकी हटवा, गस्त वाढवा. निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

---

कोथिंबीर_जुडी | सोमवार, सकाळी ७:१०

वाचतेय. किल्ली बोटांत धरणं... मी ४१ वर्षांची आहे, अजूनही धरते.

---

कोपऱ्यावरचा | सोमवार, दुपारी १:३५

अंमलदार साहेब, ते रिकामटेकडं पोरगं मी.

वय २०, डिलिव्हरी करतो, बारावी झालीय. घर दहा बाय बारा, माणसं पाच, त्यात बहीण दहावीला. ती अभ्यासाला बसली की मी आणि बाप दोघं बाहेर. बाप देवळाच्या पायरीवर, मी कोपऱ्यावर. आम्ही चौघं उभे राहिलो की टोळकं, सोसायटीतली चौघं उभी राहिली की ग्रुप.

भीती आम्हाला नसते असं कुणी सांगितलं? पुण्यात ते कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांचं प्रकरण सुरू झालं त्यानंतर आमच्याकडेही एका रात्री दहा-बारा पोरं गाड्या फोडत गेली. सगळी सोळा-सतराची. माझ्या गाडीचं सीट फाडलं, आरसा फोडला. अजून हप्ते चालू आहेत त्या गाडीचे. दुसऱ्या दिवशी चौकशीला कुणाला उचललं? कोपऱ्यावर उभं राहणाऱ्यांना. मला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, त्या दिवसाची कमाई शून्य. त्या पोरांना मीही घाबरतो आणि पोलिसांनाही. कुणाला सांगू? मुलगा घाबरला म्हटलं की हसतात.

आणि एक. जून २०२३ ला सदाशिव पेठेत भर दिवसा एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा मध्ये पडून तिला वाचवलं कुणी? रस्त्यावर असलेल्या, परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनीच. रस्त्यावर कुणी नसतं तर?

धागा काढणाऱ्यांना: ताई म्हणणार होतो पण वर वाचलं, म्हणून नुसतं तुम्ही. रात्री माझ्या पुढे कुणी मुलगी एकटी चालत असली तर मी रस्ता बदलून पलीकडच्या बाजूला जातो. पलीकडे फुटपाथ नसला तर थांबून बुटाची नाडी बांधतो. तिला पुढे जाऊ देतो. माझ्या चपलेला नाडी नसली तरी वाकतो.

---

ओसरी | सोमवार, दुपारी २:०२

@कोपऱ्यावरचा, हे माहीतच नव्हतं. मागचा माणूस थांबला की मी जास्त घाबरते, हा का थांबला म्हणून :)

कोयत्याचं वाचून एक आठवलं. आमच्या घरी दाराच्या मागे कोयता टांगलेला असतो. बाबा ऊसतोडीला जायचे. लहानपणी त्याच कोयत्याने ते आम्हाला कांडकं तोडून द्यायचे. इथे आल्यावर त्या शब्दाचा अर्थच बदलला.

---

बापमाणूस | सोमवार, रात्री ९:१५

सगळं ठीक. पण माझी मुलगी एकोणीसची आहे आणि तिला मी साडेसातच्या आत घरात बोलावतो. हक्क वगैरे नंतर, आधी जीव. उद्या काही झालं तर इथले प्रतिसाद देणारे येणार आहेत का निस्तरायला?

---

ओसरी | सोमवार, रात्री ९:४८

काका, राग नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडच्या वर्षांचे आकडे काढून बघा. नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, वरिष्ठ. म्हणजे साडेसातला तुम्ही तिला जिथे बोलावता तिथलेच लोक. सगळी भीती आम्हाला रस्त्याची शिकवली आणि घराबद्दल एक शब्द नाही.

---

बापमाणूस | सोमवार, रात्री १०:०५

आमच्या घरातले लोक तसले नाहीत.

---

कोथिंबीर_जुडी | सोमवार, रात्री १०:११

हे वाक्य प्रत्येक घरात बोललं जातं हो.

---

बापमाणूस | सोमवार, रात्री ११:३०

उत्तर द्यायला बसलो होतो, लिहून खोडलं. मुलीला विचारलं, कधी कुणाची भीती वाटली का. म्हणाली, "आत्ता का विचारताय?" आणि आत गेली. उद्या परत विचारेन.

---

पालावरून | मंगळवार, सकाळी ६:४०

रात्रभर वाचत होतो. मीही लिहितो.

मी पारधी समाजाचा, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आमच्यासारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्य देशाला १९४७ ला मिळालं, आम्हाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा रद्द झाला त्या दिवशी. त्यालाच आम्ही विमुक्त दिन म्हणतो. मग १९५९ ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. पाटी बदलली, दुकान तेच.

गावात कुठेही चोरी झाली की गाडी पहिली आमच्या पालावर. माझ्या आईला गाडीच्या इंजिनाचा आवाज ओळखू येतो. रॉकेलचा टँकर कुठला, दुधाचा टेम्पो कुठला, पोलिसांची गाडी कुठली. तिसरा आवाज आला की ती आधी मला उठवते आणि म्हणते, "पुस्तक घेऊन बस." पुस्तक हातात असलं की मला नेत नाहीत, असं तिला वाटतं. एकदा नेलं नव्हतं, तेव्हापासून.

"गस्त वाढवा" म्हटलं की धागा काढणाऱ्या मॅडमना झोप लागेल. माझ्या आईची जाईल. दोघींचं खरं आहे. म्हणून सुरक्षेचं धोरण करताना फक्त कुणाला भीती वाटते एवढं विचारून भागत नाही. कुणाची वाटते आणि ती का, हेही विचारा.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. उलट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवा, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत. मला तो आधी हवा. चौकातला नंतर लावा.

---

निवृत्त_अंमलदार | मंगळवार, सकाळी ९:२०

@पालावरून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नाकारत नाही. तपासात वरून दट्ट्या आला की पहिलं नाव कुणाचं घेतलं जातं ते मला ठाऊक आहे. मीही घेतलेलं आहे.

---

शेवटची_लोकल | मंगळवार, सकाळी १०:०५

मुंबईकरीण. रात्री लेडीज डब्यात एक गणवेशातला माणूस असतो, त्याचा आधार वाटतोच. पण खरं सांगू? मला जास्त आधार वाटतो तो क्लिपा-कानातली विकणाऱ्या बायकांचा. त्या दारात बसलेल्या असल्या की डबा आपला वाटतो. कोण कुठल्या स्टेशनला चढतं, कोण नुसतंच डोकावून जातं, त्यांना सगळं ठाऊक असतं. धाड पडली की पहिल्या त्याच उतरवल्या जातात.

---

उन्हातली_सावली | मंगळवार, दुपारी १२:५०

लेडीज डबा आला म्हणून लिहिते. मी ट्रान्स आहे, वय २२. लेडीज डब्यात चढले की बायका पर्स जवळ ओढतात, जनरल डब्यात पुरुष जवळ सरकतात. मी दारात उभी राहते. सगळ्यात धोक्याची जागा, पण तिथे कुणी काही विचारत नाही.

कायद्याचंच चाललंय तर हेही बघा. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्यात आमच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा आहे सहा महिने ते दोन वर्षं. वर अंमलदार काकांनी पाठलागाची सांगितली ती तीन वर्षं. बाईच्या नुसतं मागे चालण्यापेक्षा माझ्यावरचा अत्याचार स्वस्त. तक्रार करायला जाण्याआधी मी हा हिशेब करते.

---

कोपऱ्यावरचा | मंगळवार, दुपारी १:१५

बापरे. हे माहीत नव्हतं.

---

टोरांटोचा_बर्फ | मंगळवार, रात्री ८:३०

उशिरा आलो. मूळचा नाशिकचा, इथे टोरांटोत अकरा वर्षं. "आमच्याकडे कसं छान" हा सूर लावणार नाही, इथेही भुयारी रेल्वेत माणसं घाबरून बसतात. फक्त दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

इथे बसचालकाला सांगता येतं की मला दोन थांब्यांच्या मध्ये उतरव. रात्री नऊ ते पहाटे पाच. पुढच्या दाराने उतरायचं, मागचं दार उघडत नाहीत, म्हणजे तुमच्या मागोमाग कुणी गुपचूप उतरत नाही. १९९१ मध्ये हे सुरू झालं तेव्हा फक्त बायकांसाठी होतं. पुढे सगळ्यांसाठी केलं. घाबरलेला पोरगा, म्हातारा, ट्रान्स, कुणीही. कारण विचारत नाहीत. खर्च किती? ब्रेक दाबायचा. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, फार मोठी गोष्ट. किती मुली शिकायला बाहेर पडल्या असतील. पण बस लांबवर नेते आणि सोडते कुठे, तर अंधाऱ्या फाट्यावर.

दुसरं म्हणजे पायी पाहणी. १९८९ मध्ये इथल्या बायकांच्या एका संस्थेने त्याची पद्धत लिहून काढली, आता जगभर वापरतात, दिल्लीतही झाल्यात. तज्ज्ञ नकोत, त्या रस्त्याने रोज जाणारेच हवेत. अंधार पडल्यावर निघायचं आणि लिहायचं: समोरचा चेहरा किती अंतरावरून ओळखू येतो, कुणाला हाक मारली तर ऐकू जाईल का, खिडक्या रस्त्याकडे उघडतात का, आसपास कोण आहे, पळायचं झालं तर वाट आहे का. आणि शेवटी, कसं वाटतंय. ते "वाटणं" कागदावर मोजलं जातं, त्याला कुणी हसत नाही.

---

डॅन्यूबकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

वरच्याला जोडून, थोडं अवांतर. व्हिएन्नात नव्वदीच्या दशकात लक्षात आलं की साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांतून गायब होतात. मुलं फुटबॉलची जाळी धरून बसतात, मुली कडेने निघून जातात. १९९९ ला दोन बागा मुद्दाम बदलल्या: एका मोठ्या मैदानाचे लहान लहान भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा, बसायला जास्त कोपरे. मुली परत आल्या. जास्तीचा पहारा बसवला नव्हता. माझी मुलगी तशाच एका बागेत खेळून मोठी झाली, तेव्हा मला ही गोष्ट माहीतही नव्हती.

---

ओसरी | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:४५

धागा वर काढतेय.

आम्ही केली ती पाहणी. सात जण: अभ्यासिकेतल्या चौघी, दोन मुलगे, आणि होस्टेलच्या मावशी. हो, त्याच, दहाला गेट लावणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मला काय हौस आहे गेट लावायची? तुमचे आईबाप फोन करतात मला." या रस्त्याने रात्री नऊनंतर त्या स्वतः कधी चाललेल्याच नव्हत्या.

चौदा खांब. पाच बंद, दोन गुलमोहरात. टोरांटोच्या दादांनी सांगितलं तसं एकीने पुढे जाऊन उभं राहायचं आणि बाकीच्यांनी चेहरा दिसतो का बघायचं. भिंतीपाशी आठ पावलांवरून दिसत नव्हता. अण्णांच्या टपरीपाशी तीस पावलांवरून दिसला. "कसं वाटतं" या रकान्यात टपरीला सातही जणांनी दहापैकी आठ-नऊ दिले. भिंतीला मावशींनी शून्य दिलं.

प्रत्येक खांबावर नंबर रंगवलेला असतो, हे दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. नंबरासकट तक्रार दिली.

---

टोरांटोचा_बर्फ | रविवार, पहाटे ४:१०

झकास! तक्ता इथे टाकाल का? नंबर काढून.

---

कोपऱ्यावरचा | रविवार, सकाळी ८:००

लई भारी. आमच्या वस्तीत करायची झाली तर मुलींनी यायला पाहिजे. आम्ही चौघं वही-टॉर्च घेऊन फिरलो तर दुसऱ्याच दिवशी उचलतील.

---

पालावरून | रविवार, सकाळी ८:२०

@कोपऱ्यावरचा, मी येतो. माझं कॉलेजचं ओळखपत्र आहे. दोन संशयित एकत्र, बघू काय म्हणतात :)

---

ओसरी | नऊ दिवसांनी, सोमवार, रात्री १०:५०

खबर आहे. कशी सांगू कळत नाही.

दिवे लागले. पाचही. गुलमोहराची फांदी छाटली. भिंतीच्या टोकाला कॅमेरा बसला. आमच्या तक्रारीचा नंबर लिहिलेला कागद घेऊन माणूस आला होता, नीट बोलला, सही घेतली. मावशींनी गेट अकरापर्यंत केलंय.

आणि शुक्रवारी दुपारी गाडी आली आणि अण्णांची टपरी उचलून नेली. स्टोव्ह, बाकडं, काचेच्या बरण्या, सगळं. कुणीतरी म्हणालं, "इथल्या मुलींनीच तक्रार केली होती ना रस्त्याची." आमच्या कागदावर टपरीपुढे नऊ लिहिलं होतं. तो रकाना कुणी वाचलाच नाही.

आज साडेदहाला निघाले. गल्ली लख्ख आहे. तीस पावलांवरूनच काय, शंभर पावलांवरून दिसेल चेहरा. पण चेहरा कुणाचाच नाही. टपरीच्या जागी चार विटा आणि चहाच्या पाण्याचा काळा डाग आहे. मी तिथे थांबले, आणि वळून मेसच्या बाजूने लांबच्या रस्त्याने आले. पंधराशे चाळीस पावलं.

---

निवृत्त_अंमलदार | सोमवार, रात्री ११:२५

ओसरी, टपऱ्या उठवा असं या धाग्यावर मीच लिहिलं होतं. ते राहू दे.

कामाचं सांगतो. पथविक्रेत्यांचा कायदा आहे, २०१४ चा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही असं उठवता येत नाही. आणि उचललेल्या मालाची यादी द्यावी लागते, सहीनिशी. अण्णांना ती दिली का ते आधी विचार. नसेल दिली तर अर्ज मी लिहून देतो, भाषा मला येते. तुमचा तो तक्ता सोबत जोडायचा, नऊ गुणांचा रकाना लाल पेनने अधोरेखित करून.

---

कोपऱ्यावरचा | सोमवार, रात्री ११:३१

अण्णा आहेत कुठे आता? नंबर आहे का कुणाकडे?

---

ओसरी | सोमवार, रात्री ११:४०

झेरॉक्सवाल्याकडे असेल, ते रोज तिथेच चहा घ्यायचे. सकाळी आठला उघडतो तो. विचारून लिहिते.

आणि @कोपऱ्यावरचा, ताई म्हटलंस तरी चालेल.